रकाना नऊ

माझ्या टाइपरायटरचा 'ळ' उमटत नाही.
पारोळ्याच्या कोर्टाबाहेर बसून
गावाचं नाव मी रोज पेनानं पुरं करतो.

इंदुबाई हिलाल बडगुजर, वय बावन्न.
धंदा: मांडे करणे.
असा धंदा यादीत नाही, मी म्हणालो.
"मंग यादीवालाले अखाजीले जेवाले बलाव."
उजवा हात पदराखाली,
झाकलेल्या ताटासारखा.

मी लिहिलं:
'दि. ११ मार्च रोजी सायंकाळी सातच्या सुमारास
अर्जदार नगरपरिषदेच्या भाजी मंडईतील
महिला स्वच्छतागृहात जात असता
तिसरी पायरी खचलेली असल्याने व दिवा नसल्याने
तोल जाऊन पडली.'
तिनं सांगितलं होतं ते वेगळं:
दोन वर्षं झाली, आम्ही बाया
दुसरीवरून थेट चौथीवर पाय टाकतो.
त्या दिवशी काखेत दळणाचा डबा होता.
पाय मोजायला विसरला.

मुख्याधिकाऱ्यांचं उत्तर आलंय, जावक क्रमांकासह.
सदर ठिकाणी सूचनाफलक होता.
अर्जदाराने तो वाचला नाही.
सोबत फोटो:
पिवळी पाटी, लाल अक्षरं,
'पायरी नादुरुस्त. सांभाळून चाला.'

मी भिंग काढलं.
पाटी मुनाफ पेंटरची. त्याच्या 'स'ला शेपूट असतं,
आणि कोपऱ्यात मुंगीएवढी तारीख टाकायची खोड,
बिल थकलं की दाखवायला.
१४/३.
म्हणजे पडल्यावर तीन दिवसांनी
तिला सांभाळायला सांगितलं.
पायरीपेक्षा पाटी स्वस्त पडली असणार.
मुनाफ म्हणाला, साक्षीला येतो,
माझंही बिल अजून तिथंच पडलंय.

रकाना आठ: दुखापत.
जळगावच्या सिव्हिलचा दाखला,
कायम अपंगत्व अठरा टक्के.
ती विचारते,
मग उरलेल्या ब्याऐंशीत मांडा का होत नाही?

मांडा पोळपाटावर पुरा होत नाही.
या कोपरावरून त्या कोपरावर
झेलत झेलत वाढवायचा,
आत पुरण, तरी बोटाची सावली दिसावी असा,
मग उपड्या खापरावर अलगद.
मनगट तांदळाएवढं अडलं तरी भोक पडतं,
पुरण खापरावर जळतं,
आणि वास मांडवभर जाऊन सांगतो
कुणाचा हात होता.

रकाना नऊ: नुकसानीची रक्कम, अंकी व अक्षरी.
इथं मी अडलो.
एका लग्नाचे अडीच हजार,
अखाजीचे तीन दिवस,
पितरांचा पंधरवडा.
पावती एकही नाही.
मांडा खाऊन पावती कोण मागतं?
वकील म्हणतात, दोन लाख लावा, पन्नास हजार मिळतील.
दीर म्हणतो, गावाशी भांडू नये.
ती म्हणते, "गावशी नही, पायरीशी."

अजून एक लिही, म्हणाली. पायरी बांधा.
त्याला रकाना नाही, बाई.
मग नऊमध्येच लिही,
पैशांच्या आधी.
लिहिलं.

शाईचा पॅड पुढं केला.
तिनं तो कोपरानं सरकवला.
प्रौढ वर्गात, मुलीच्या पाटीवर
सही शिकलेली बाई.
डाव्या हातात पेन मुठीसारखं धरून
तिनं 'इं' काढायला घेतला.
अनुस्वार कागदाबाहेर गेला.
रांगेतला माणूस घड्याळ बघू लागला;
मी म्हणालो, थांब.
'दु' रेघेखाली घसरला, तिनं परत वर ओढला.

पेन एकच आहे माझ्याकडं.
दुसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत,
'निष्का' आणि 'जीपणा' यांच्या मधली जागा
तिची सही होईपर्यंत
तशीच उघडी राहिली.